चष्म्यापाशी थांबलेलं आख्यान

शहाजीबुवांचं कीर्तन म्हणजेच दोह्याजवळच्या आमच्या कँपातली शुक्रवारची दुपार. जुम्याची नमाज करून रहमान ड्रायव्हर परतला की मेसची टेबलं भिंतीला लागायची, शटरिंगच्या प्लायवूडचा एक बरा तुकडा मधोमध यायचा आणि त्यावर धुतलेली चादर चौपदरी पडायची. ती झाली नारदाची गादी. मी पेटीवर, केरबा तबल्यावर. आवाज कुंपणाबाहेर जाऊ नये म्हणून बुवा झांजांना स्वतः चिंधी गुंडाळायचे. तरी रहमान दारात खुर्ची टाकून बसायचाच. राखण करतो म्हणायचा. पूर्वरंगात पेंगायचा आणि आख्यान सुरू झालं की खुर्ची आत सरकवायचा.

एरवी बुवा सुतार. सहा दिवस मुऐदर भागातल्या व्हिलांवर फळ्या ठोकायचे आणि सातव्या दिवशी त्याच हातांनी झांजा धरायचे. मी संपत, कँपाचा स्वयंपाकी. पेटी मला गावच्या भजनात शिकलो तेवढीच येत होती, पण बुवा सांभाळून घेत. माझा सूर घसरला तर मध्येच थांबून म्हणत, "संपतराव, आज मीठ जास्त झालं," आणि लोक हसले की पुन्हा चाल उचलत.

त्यांचे मामा बार्शीकडचे कीर्तनकार. पोरवयात बुवा त्यांच्या मागं टाळ धरून गावोगाव हिंडले होते. मामांनी दोन गोष्टी गाठीला बांधून दिल्या होत्या. गादीवर उभं राहून खोटं बोलायचं नाही. आणि आख्यान रडण्यावर संपवायचं नाही. लोकांना रडवा, भरपूर रडवा, पण उठताना त्यांच्या हातावर साखर पडली पाहिजे. राजा वनात गेला तर तो परत येईपर्यंत कीर्तनकाराला खाली बसता येत नाही. बुवा हे फार मानायचे. आमच्या एकेका खोलीत आठ-आठ माणसं, आणि दोन-दोन वर्षं बायकापोरांचं तोंड दिसायचं नाही. असल्या माणसाला रडता ठेवून अंथरुणावर पाठवणं म्हणजे पाप, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांचं कुठलंही आख्यान एकाच बोलावर मिटायचं, "जसं त्यांच्या कष्टाचं सोनं झालं, तसं तुमचं आमचं होवो." मग आरती, बुक्का आणि मी केलेला शिरा.

पंच्याऐंशी साल संपता संपता पगार थांबले.

तेलाचा भाव उतरला, कामं आटली, हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की पहिल्या महिन्यात "पुढच्या आठवड्यात", दुसऱ्यात "बुकरा, इन्शाल्ला", म्हणजे देवाची इच्छा असली तर उद्या, आणि त्यानंतर पगार वाटणारा माणूस कँपावर यायचाच बंद झाला. मला ते भटारखान्यात आधीच कळलं होतं. पहिलं मटण गेलं. मग चांगल्या तांदळाच्या जागी कणी आली, तीही खड्यांची. मसूर यायची ती किडकी. दुकानदाराचा माणूस पोती उतरवताना पूर्वी घटकाभर बोलायचा, आता गाडीचं इंजिनसुद्धा बंद करत नव्हता.

केरबा सळया वाकवणारा. त्याला एकच ध्यास होता, गावी पिठाची गिरणी. त्याच्या वाडीला गिरणी नव्हती, बाया डोक्यावर दळण घेऊन ओढ्यापलीकडं जायच्या. हौसाबाईनं, त्याच्या बायकोनं, घरापुढं पत्र्याचं शेड उभं करून ठेवलं होतं, मशीन बसवायचा चौथराही बांधून घेतला होता. सध्या त्या चौथऱ्यावर कोंबड्या उन्हं खात बसतात, असं केरबा हसून सांगायचा. इथं अडकलेला पगार हातात आला की मशीन. आणि तो आला नाही तर दुसऱ्यांदा परदेशी यायला त्याच्यात दम उरला नव्हता. मनगटं गेली होती. तबल्यावर बसला तरी डग्गा नीट दाबला जात नसे.

पाचवा महिनाही कोरडा गेला तेव्हा केरबाच पहिल्यांदा साइटवर खाली बसला. त्याच्या मागं एकेक करत सगळे. परक्या मुलखात असं बसणं म्हणजे खेळ नव्हे, हे आम्हालाही कळत होतं. हेड ऑफिसातनं मुदीर आला, म्हणजे मॅनेजर. उद्याच्या विमानात घालीन, खलास, असं म्हणून गाडीचं दार आपटून गेला. कुणी हललं नाही. मग साइट इंजिनिअर शशिकांत साहेब समजवायला आले. साहेब पुण्याचे. बायको मृणालिनीवहिनी आणि मुलगी यांच्यासकट दोह्यात राहायचे, शुक्रवारी कीर्तनाला यायचे, चांगले देवमाणूस. व्हिला पुऱ्या करून ताब्यात दिल्या की कंपनीचे अडकलेले पैसे सुटतील आणि त्यातनं पगार होतील, असं ते म्हणाले. केरबानं विचारलं, हे तुम्ही सांगताय का कंपनी? साहेब म्हणाले, मला कंपनीनं असं सांगितलंय. मग कंपनीलाच येऊ दे, असं म्हणून केरबा तंबाखू मळायला लागला.

त्याच आठवड्यात ती गोष्ट बुवांना मिळाली.

साहेबांची नयना इंग्रजी शाळेत होती. तिला शाळेत अमेरिकेच्या स्वातंत्र्याबद्दल काही लिहून न्यायचं होतं म्हणून साहेब तिच्याबरोबर बसून वाचत होते. त्यात त्या देशाच्या पहिल्या सैन्याची हकिकत होती. राज्य नवं, तिजोरी रिकामी, सैन्याला अन्न नाही की पगार नाही. साहेबांना आमचीच आठवण झाली असणार. सुतारखान्यात भुशावर बसून त्यांनी ती बुवांना सांगितली. मी चहा घेऊन गेलो होतो, तो तिथंच टेकलो. साहेबांनी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, काही लपवलं नाही, याला मी साक्षी आहे.

पण सेनापतीच्या चष्म्याचा प्रसंग आला आणि बुवांच्या डोळ्यांना धार लागली. त्यानंतरचं त्यांनी कानाआड केलं. शेवटी त्या शिपायांचं काही बरं झालं नाही, इथवर साहेब आले तेव्हा बुवांनी हात वर केला.

"साहेब, आख्यान इथं पुरं झालं. पुढचं गादीवर चढत नाही."

"अहो बुवा, पण इतिहास पुढचाही आहे ना?"

"इतिहास तुमच्या नयनाला. मला माणसं सुखानं झोपवायचीत."

साहेब हसले. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवून निघून गेले.

त्या शुक्रवारी मेसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काम बंद, खिसा रिकामा, जाणार कुठं? वहिनींनी घराच्या कुंपणावरची बोगनवेल तोडून हार गुंफून आणला होता. पूर्वरंग बुवांनी थोडक्यात आटपला. मध्यंतरी मी त्यांना हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि त्यांनी उपरणं कमरेला कसलं. कमरेला उपरणं आलं की लोक सावरून बसायचे. मग त्यांनी आम्हाला सातासमुद्रापलीकडं नेलं.

थंडी अशी की झाडाची साल फाटावी, आणि शिपायांच्या पायात जोडे नाहीत. बर्फावर रक्ताची पावलं. ज्यांना शिध्याचा मक्ता दिला त्यांचं पीठ आंबलेलं, मांस वास मारणारं. हे ऐकताना चार-सहा जणांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि हसू पसरलं. बुवांनी झांज उचलली. साकी त्यांनी स्वतः रात्री जुळवली होती:

रण सरले परि पोट न सरले, फाटकी पायताणे,
मागुन मागुन थकले सैनिक, हाती उरले गाणे.

दुसऱ्यांदा म्हणताना सगळी मेस त्यांच्या मागं होती. चिंध्या गुंडाळलेल्या झांजा, पण आवाज कसला दबतोय. रहमान उठून दाराला पाठ लावून उभा राहिला.

लढाई जिंकली, राज्य आपलं झालं, पण पगार नाही. राज्यकर्त्यांना कर बसवायचा अधिकारच नव्हता, तर देणार कुठनं? शेवटी सैन्यातले सरदार चिडले. बास झालं, आता पैसे मिळाल्याशिवाय शस्त्र खाली ठेवायचं नाही, म्हणून त्यांनी सभा बोलावली. इतक्यात दारातनं कोण आलं? न बोलावता खुद्द सेनापती आला. त्यानं समजावलं. तोंडं तशीच. मग त्यानं खिशातनं एक पत्र काढलं, वाचायला लागला, आणि अडखळला. अक्षर लागेना.

इथं बुवा थांबले. त्यांनी खरंच खिशात हात घातला. फळ्यांवर खुणा करताना लावायचा तुटक्या काडीचा चष्मा त्यांनी काढला, दोरी कानाला अडकवली आणि मान वर केली.

"तो म्हणाला, मंडळी, मला चष्मा लावू द्या. तुमच्या सेवेत माझे केस पिकले, आणि आता मला दिसतही नाहीये."

मेसमध्ये पंख्याची घरघर तेवढी. त्या सभेतले सरदार रडले असं पुस्तकात आहे. आमच्या मेसमध्ये रडलं नाही असं कुणी नव्हतं. केरबाचा ठेका केव्हाच थांबला होता, तो दोन्ही हात तबल्यावर ठेवून बसला होता. बुवांनी सांगितलं की सभा उठली, रागाचं पाणी झालं, माणसं आपापल्या कामाला लागली, आणि ते राज्य उभं राहिलं ते आजतागायत उभं आहे. मग नेहमीचा बोल आला. जसं त्यांच्या कष्टाचं सोनं झालं, तसं तुमचं आमचं होवो.

आरतीचं ताट फिरलं तेव्हा केरबा म्हणाला, उद्या जाऊ कामावर. कुणीही नाही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसातनं कोकराचं मटण आलं, चांगलं दोन खोकी. लोकांनी त्यात बुवांचा वाटा काढून ठेवला आणि मग आठवलं की बुवा माळकरी. त्यावर खूप हसणं झालं. तेवढं हसणं कँपात त्यानंतर मी ऐकलं नाही.

पुढं उन्हाळा लागेपर्यंत माणसं बिनपगारी राबली. गवंडी, सुतार, फिटर, रंगारी, कुणी मागं राहिलं नाही. व्हिला पुऱ्या झाल्या. संगमरवर घासून झाला, नळाला पाणी आलं. जेवायला आमटी-भात, आमटी-भात. शेवटच्या व्हिलाच्या किल्ल्या गेल्या त्याच आठवड्यात मुदीर हसऱ्या तोंडानं आला. सगळ्यांना रजा, म्हणाला. तिकीट कंपनीचं. थकलेला पगार मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसात मिळेल, त्यासाठी प्रत्येकाला शिक्का मारलेला कागद. मला तेवढा ठेवून घेतला, उरलेल्या सामानाची राखण करायला आणि वॉचमनला जेवू घालायला.

केरबा कागद घेऊन धावतच सुतारखान्यात आला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, आकडा तेवढा कळला होता. मशीनसाठी पुरून वर उरत होतं. बुवांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि पडलेल्या फळीवर बसले. रजा आणि कागद, असं दोनदा पुटपुटले. मला वाटलं ऊन लागलं.

"केरबा, ह्यावर सही करू नकोस. विमानातही बसू नकोस. एकदा हद्दीबाहेर गेलास की तुला कोण विचारतंय? आपण सगळे मिळून लेबर ऑफिसात जाऊ."

केरबाला कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग समजुतीच्या सुरात, लहान पोराला सांगावं तसं म्हणाला, "बुवा, अवो तुमीच तर सांगितलं. धीर धरला तर मिळतंय म्हून."

"मिळालं असं मी नाही म्हणालो रे."

"न्हाई मिळालं आसं बी न्हाई म्हनला. कष्टाचं सोनं झालं म्हनला. गादीवरनं म्हनला."

केरबानं त्यांच्या हातातनं कागद हलकेच काढून घेतला, घडी मोडू नये म्हणून दोन बोटांत धरला, आणि गेला.

संध्याकाळी बुवा रहमानच्या गाडीतनं शशिकांत साहेबांच्या घरी गेले. साहेबांचेही पगार थकले होते, पण त्यांना दुसरीकडं नोकरी लागत होती, सामानाची खोकी भरणं चालू होतं. तुमच्या शब्दाला वजन आहे, तुम्ही येऊन माणसांना थांबवा, अशी बुवांनी विनवणी केली. साहेब एका खोक्याला दोरी बांधत राहिले. म्हणाले, नव्या नोकरीला जुन्या कफीलचा, म्हणजे मालकाचा, ना हरकत दाखला लागतो, मी आत्ता काही बोलू शकत नाही. बुवा उठले तेव्हा दारापर्यंत येऊन हळूच म्हणाले, "मी तर तुम्हाला सगळं सांगितलं होतं, बुवा." बुवा म्हणाले, "हो. तुम्ही सांगितलं होतंत."

हे मला रहमाननं सांगितलं. वाटेत बुवांनी त्याला विचारलं, रहमानभाई, तुमच्यात मौलवी चुकीचं बोलला तर काय करतो? रहमान म्हणाला, त्याच जागेवर उभा राहून सुधारतो, आणि काय?

माणसांचं विमान शनिवारी होतं. शुक्रवारी बुवांनी कीर्तन लावलं.

मेस भरली, पण लोकांचं ध्यान नव्हतं. अर्ध्यांच्या हातात नवी कुलपं, नायलॉनच्या दोऱ्या. मुलांसाठी घेतलेल्या वस्तू एकमेकांना दाखवणं चाललं होतं. कुणाकुणाकडनं उसने घेऊन का होईना, रिकाम्या हातानं कोण जाईल? शेवटचा निरोप म्हणून मी शिऱ्यात वहिनींनी पाठवलेलं सगळं तूप ओतलं होतं. वहिनी स्वतः आल्या नाहीत.

बुवांनी पूर्वरंग केला नाही. हार घालू दिला नाही. उपरणं खांद्यावर तसंच राहिलं. हात जोडून म्हणाले, "मंडळी, त्या दिवशी मी चष्म्यापाशी थांबलो. थांबायला नको होतं. पुढची हकिकत ऐका."

साकी नाही, चाल नाही. मोजमाप सांगावं तशा आवाजात ते सांगत गेले. सेनापतीचं ऐकून माणसं शांत झाली खरी. पण मग सैन्य मोडायचं ठरलं. शिपायांना सांगितलं, रजेवर घरी जा. हातात नाणं नाही, कागद. पुष्कळजण तर कागदाचीही वाट न बघता, आहेत त्या कपड्यांनिशी पायी निघाले. ज्यांना कागद मिळाले त्यांनी ते वाटेतच व्यापाऱ्यांना विकले, रुपयामागं दोन-चार आण्याला, पोटासाठी. पुढं काही वर्षांनी सरकारनं त्या कागदांचे पैसे मोजले, तेव्हा कागद व्यापाऱ्यांच्या पेटीत होते. शिपायाच्या हाती काही नाही. काही शिपायांनी राज्यकर्त्यांच्या कचेरीला बंदुका घेऊन वेढा घातला, तर राज्यकर्ते गाव सोडून दुसरीकडं बसले. एवढ्या मोठ्या सैन्यातली शेवटी ऐंशी माणसं ठेवली. कशाला? कोठारं राखायला.

इथं कुणीतरी माझ्याकडं बघितलं. ह्या खेपेला कुणी हसलं नाही.

"नंतर पुन्हा सैन्य उभं केलं," बुवा म्हणाले, "त्यालाही शिधा-सामानाचे मक्तेदारच. तंबू गळके, बंदुकीची दारू सादळलेली. तशीच माणसं जंगलात लढायला पाठवली. त्यातली धड परतली ती फार थोडी."

मागून एक गवंडी उठला. म्हातारा, अबोल माणूस, कीर्तनात कधी खोकलाही नसेल. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "बुवा, उद्या वाटंला लागनाऱ्या मानसाला आसं सांगत्यात व्हय?"

बुवा म्हणाले, उद्या लागू नये म्हणूनच सांगतोय बाबा. चार दिवस थांबा. लेबर ऑफिसात एकट्यादुकट्याचं कोण ऐकतं, सगळे गेलो तर ऐकतील. त्यांना पुढंही बोलायचं होतं. पण खोलीत कुजबुज वाढली. कुणाची आई अंथरुणावर होती, कुणी आपलं पोर अजून बघितलं नव्हतं. तिकीट हातात असलेल्या माणसाला थांब म्हणणं, भरल्या ताटावरनं उठवण्यातलाच प्रकार. शिवाय अपशकुन. कीर्तन असं उघडं टाकून झोपायचं, आणि सकाळी विमानात बसायचं?

तेवढ्यात तबल्यावर आरतीचा ठेका पडला.

केरबा मान खाली घालून वाजवत होता. दुखऱ्या मनगटानं, पण जोरात. पहिल्या आवर्तनाला कुणी टाळी धरली, दुसऱ्याला सगळे उभे राहिले. आरती सुरू झाली. गादीवरच्या बुवांनी ती उचललेली नव्हती. माणसांनी त्यांचं आख्यान आपल्या हातानं मिटवून टाकलं होतं. मी पेटीचा भाता धरून बसलो होतो, सूर दिला नाही. माझ्या सुराची कुणाला गरजही पडली नाही. बुवा झांजा हातात घेऊन तसेच उभे. लोक एकामागून एक आले, नेहमीसारखे त्यांच्या पाया पडले, शिरा घेतला, आणि सामान बांधायला गेले. कुणी रागावलं नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी बस आली. रहमानच चालवत होता. बुवांनी आपलं तिकीट परत केलं होतं. ते फाटकापाशी उभे राहून एकेकाची पेटी टपावर चढवायला हात लावत होते. सगळ्यांत शेवटी केरबा आला. तबला-डग्गा त्यानं चादरीत बांधून पोटाशी धरला होता. तो खाली वाकला.

"बुवा, काल मला ऱ्हावलं न्हाई. माफी करा. पर आता तोंडानं चांगलं बोला. तुमचा शब्द लागतोय."

त्याला काय हवं होतं ते बुवांना कळलं, मलाही कळलं. 'मिळेल' एवढंच. गादी तिथं नव्हती, प्लायवूड नव्हतं, रस्त्यावरची धूळ होती. बोलले असते तर कुणी दोष दिला नसता.

"सुखरूप पोच," बुवा म्हणाले. "हौसाबाईला माझा नमस्कार सांग."

केरबा थांबला. आणखी काही येईल म्हणून तो त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. रहमाननं हॉर्न दिला, यल्ला म्हणाला. केरबा बसमध्ये चढला तेव्हाही त्याची मान मागंच होती.

बुवा सोमवारी लेबर ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, चहा दिला. बाकीचे कुठं आहेत, विचारलं. गेले, असं बुवांनी सांगितलं. तो म्हणाला, जो इथं हजर आहे त्याचीच तक्रार घेता येते. बुवांची घेतली. कंपनीतर्फे तारखेला कुणी येईना, म्हणून तारखा पडत राहिल्या. त्यात कंपनीला टाळं लागलं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाट टाळ्याच्या आत. रिकाम्या कँपात आम्ही दोघं आणि वॉचमन. बुवा मिळेल तिथं सुतारकाम करायचे. दुसऱ्या कँपातली माणसं कीर्तनाला बोलवायला यायची. बुवा त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे, आणि अभंग म्हणायला येईन म्हणायचे, आख्यानाला नाही.

रहमान आमच्या कंपनीचा नव्हता, भाड्यानं गाड्या देणाऱ्या मालकाचा; तो पावसाळ्यात रत्नागिरीला रजेवर गेला होता. येताना मुंबईत त्याला आमची तीन-चार माणसं भेटली, एजंटाच्या ऑफिसच्या जिन्यात. परत आल्यावर तो मासळीचं लोणचं घेऊन थेट कँपावर आला आणि बाकड्यावर बसून सांगायला लागला. एजंट म्हणतो कंपनीनं आपल्याला दमडीही पाठवलेली नाही. त्याचाच एक माणूस खालच्या हॉटेलात बसून कागद विकत घेतो, कागदाला शंभर. पुढंमागं काही वसूल झालं तर झालं, म्हणून. बहुतेकांनी विकले. गावच्या एसटीचं भाडं तरी सुटलं.

बुवांनी केरबाचं विचारलं.

"नाही विकला," रहमान म्हणाला. "मी सांगितलं त्याला, घे शंभर आणि जा घरी. ऐकत नाही. घरी देव्हाऱ्यात ठेवणार म्हणतो. कीर्तनात ऐकलेलं फुकट जात नाही म्हणतो."

"दुसऱ्या कीर्तनाला होता की तो. ते नाही आठवत त्याला?"

"आठवतं ना. म्हणतो, त्या दिवशी बुवांची तब्येत बरी नव्हती."

बुवा म्हणाले, रहमानभाई, कुणी त्या बाजूला जाणारं असलं तर निरोप धाडा. शहाजी सांगतोय म्हणावं, विकून टाक. शंभर तर शंभर.

"तेही बोललो मी, तुमच्या नावानं," रहमान म्हणाला. "तो म्हणतो, बुवांनी इथं माझ्या दारात यावं, गादी मी घालतो, तिच्यावर उभं राहून सांगावं. मग विकतो."

लेबर ऑफिसातली पुढची तारीख थंडीतली होती, आणि पासपोर्ट अजून टाळ्याआडच. बुवांनी बाकड्यावरची लोणच्याची बरणी उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि मला विचारलं, संपतराव, हिला आत कुठं ठेवू?